कोठीत लिहायची परवानगी

सोवन्यांच्या घरातलं एकही लग्न शरयूआत्याच्या मंगलाष्टकांशिवाय लागलेलं नाही. म्हणजे भटजी असतात, मुहूर्त असतो, अंतरपाटही असतो. पण भटजींची संस्कृत मंगलाष्टकं संपली की मांडवातली माणसं अक्षता मुठीत धरून इकडेतिकडे बघायला लागतात आणि आत्या खाकरते. मग घरची, मराठीतली, ताजी मंगलाष्टकं सुरू होतात. त्यांत नवरानवरी, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, मामा सगळे शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवलेले असतात. जे बसत नाहीत ते दाबून बसवलेले असतात. गुलाबी कागदावर छापून ती आधीच वाटून झालेली असतात. त्यामुळे आपलं नाव आलं की माणसं कागदावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवतात आणि अक्षता भलत्याच वेळी टाकतात.

आत्या लग्न होऊन करंदीकरांच्या घरी साताऱ्याला गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात सांगलीचं माहेर तिच्या हातून हळूहळू सुटत गेलं. गौरीचा नैवेद्य वहिनींच्या पद्धतीनं व्हायला लागला. तिच्या झोपायच्या खोलीत धान्याचे डबे आले आणि तिला कोठीची खोली म्हणायला लागले. मंगलाष्टकं तेवढी तिची राहिली. घरात कुणाचं लग्न ठरलं की ‘शरूला कळवा’ असा निरोप साताऱ्याला जायचा, आणि त्या एका निरोपावर आपण अजून सोवन्यांच्या घरच्याच आहोत असं तिला वाटायचं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. करंदीकरांना तर मुळीच नाही.

नव्व्याण्णव साली तिच्या थोरल्या भावाच्या मुलीचं, अपूर्वाचं, लग्न ठरलं. मुलगा निमिष बापट, शिरवळला एका कारखान्यात इंजिनिअर. आत्या चांगली पाच दिवस आधी सांगलीला येऊन दाखल झाली. पिशवीत दोन साड्या, कंदी पेढ्यांचा पुडा आणि आठ कडव्यांचा खर्डा होता.

भाऊ चिंतामणराव शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला. चुका काढायचं थांबलं नव्हतं. घराच्या बाहेरच्या खोलीत मुलांनी अक्षरजुळणीचा धंदा काढला होता. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते. अपूर्वा मजकूर जुळवायची, चिंतामणराव तपासायचे आणि तिचा मोठा भाऊ पुष्कर यंत्रं सांभाळायचा. छपाई बाहेर, जालिंदरच्या मशीनवर. हा जालिंदर मूळचा पलूसचा. तो रोज सकाळी तयार मजकूर न्यायला यायचा आणि चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही.

बाहेरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. चौथा, जुना, बिनपडद्याचा, कोठीच्या खोलीत तांदळाच्या डब्याशेजारी बसवला होता. त्यात पुष्करनं कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून लिनक्स नावाची प्रणाली घातली होती. बाहेरच्या तिन्ही कॉम्प्युटरांपासून एक काळी वायर दाराच्या चौकटीवरून, तोरणाच्या खिळ्याला वळसा घालून आत गेली होती. सगळ्यांच्या सगळ्या फाइली त्या एकाच यंत्रात राहायच्या. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, आपलं नाव सांगा, फाइल उघडा. पुष्करनं त्या यंत्राचं नावच ‘कोठी’ ठेवलं होतं. वहिनी त्याला दसऱ्याला हळदकुंकू लावायच्या आणि एरवी त्याच्यावर पापडांचा डबा ठेवायच्या. पुष्कर डबा खाली ठेवायचा, वहिनी परत वर ठेवायच्या. यंत्र ऊबदार असतं, पापड सादळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं.

आता सोवन्यांच्या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात कुलूप फक्त बाहेरच्या दाराला. आतल्या कुठल्याही कपाटाला, पेटीला, डब्याला ते कधी लागलं नाही. एकाला आलेलं पत्र दुसरा फोडतो आणि तिसरा मोठ्यानं वाचतो. जेवताना कुणाच्याही ताटातलं भजं कुणीही उचलतं, आणि ज्याचं उचललं तो ओरडतो आणि चौथ्याचं उचलतो. त्यामुळे पुष्करनं कोठीसुद्धा तशीच ठेवली होती. सगळ्यांनी सगळं वाचावं, सगळ्यांनी सगळ्यात लिहावं.

आत्यानं आल्या दिवशीच बैठक मारली. साताऱ्याच्या कचेरीत तिनं जन्मभर मराठी टाइपरायटर बडवला होता आणि अपूर्वाच्या कॉम्प्युटरवर अक्षरं नेमकी त्याच जागी होती. अपूर्वानं फक्त साठवायचं कसं ते दाखवलं. आठही कडवी आत्यानं एका दमात बडवली, कोठीत ठेवली आणि जेवायला पानावर बसली. पहिली ओळ तिनं भात कालवता कालवता म्हणून दाखवली, “आली आज घरी सुमंगल घडी, आनंद हा दाटला.” वहिनी म्हणाल्या, “वन्सं, तुमच्यासारखं कुणाला सुचायचं नाही.” आत्याला दुसऱ्यांदा भात वाढून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फाइल उघडली, तर आनंद दाटला नव्हता, ‘लोटला’ होता. तिसऱ्या कडव्यात दोन शब्दांची अदलाबदल झाली होती. पाचव्यात तर रहिमतपूरचे चार सबंध पाहुणे येऊन बसले होते आणि त्यांच्या वजनानं वृत्ताचं कंबरडं मोडलं होतं.

“हे कुणी केलं?” आत्यानं विचारलं.

कुणीही लपवलं नाही. लपवायची या घरात पद्धतच नव्हती. “आनंद लोटतो, शरू,” चिंतामणराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. “दाटतं ते धुकं. आणि तिसऱ्यात तुझा एक लघु गुरूच्या जागी बसला होता. उठवला.” वहिनींनी आतून सांगितलं, “आमच्या माहेरची माणसं राहिलीच होती हो. मी म्हटलं, वन्संना कशाला त्रास, आपणच घालावीत.”

“माझी कविता आहे ती!”

“मग कुणाची म्हणतोय आम्ही?” चिंतामणराव म्हणाले.

आत्या पुष्करकडे गेली. पुष्कर गुणी मुलगा. त्याला माणसांमधलं भांडण कळत नसे, पण यंत्रातलं लगेच कळे. त्यानं तिला समोर बसवून समजावून सांगितलं. कोठीतल्या प्रत्येक फाइलला एक मालक असतो, मालकाचा एक गट असतो आणि मग उरलेले सगळे. यांतल्या कुणी वाचायचं आणि कुणी लिहायचं, हे प्रत्येकाचं वेगवेगळं ठरवता येतं. “आपण कधी ठरवलंच नाही. सगळं सगळ्यांना मोकळं.”

“माझं ठरव,” आत्या म्हणाली. “मी लिहिणार. बाकीच्यांनी वाचायचं. आणि वाचून गप्प बसायचं.”

पुष्करनं चार अक्षरं बडवली. गप्प बसवायची सोय लिनक्समध्ये नव्हती, पण बाकीचं झालं. आत्यानं आनंद पुन्हा दाटवला, रहिमतपूरचे पाहुणे बाहेर काढले आणि शांत झोपली.

पुढच्या सकाळी आनंद परत लोटला होता. आणि या वेळी आत्या तो पुसायला गेली, तर पडद्यावर एक चौकोन आला आणि त्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं की तुम्हाला परवानगी नाही.

“पुष्कर! माझ्या कवितेत मला परवानगी नाही!”

पुष्करनं डोकं खाजवत तपासलं. फाइलचा मालक बदलला होता. मंगलाष्टकं आता चिंतामण सोवन्यांच्या नावावर होती.

“मी काही फोडाफोडी केली नाही,” चिंतामणराव म्हणाले. “मला लिहिता येईना. यंत्रच म्हणालं, दुसऱ्या नावानं साठवा. साठवलं. मग तिथं दोन प्रती झाल्या, एक शुद्ध आणि एक शरूची. शरूची काढून टाकली आणि शुद्ध प्रतीला तिचं नाव दिलं.”

“पण काढता कशी आली?” आत्याचा आवाज चढला. “तू कुलूप लावलं होतंस ना?”

पुष्कर ओशाळला. “आत्या, कुलूप फाइलला लावलं होतं. फाइल ज्या कप्प्यात आहे तो सगळ्यांचा आहे. कप्पा सगळ्यांचा असला की कुलूपबंद डबा उघडता येत नाही, पण डबाच्या डबा उचलून बाहेर टाकता येतो. आणि तिथं आपला ठेवता येतो.”

हे ऐकून वहिनींना मात्र पटकन सगळं उमगलं. त्यांच्या लोणच्याच्या बरण्यांचं याच पद्धतीनं व्हायचं.

पुष्करनं तोही बंदोबस्त केला. आता ज्याची फाइल त्यालाच काढून टाकता येईल. मालकीही त्यानं आत्याच्या नावावर परत केली. चिंतामणरावांनी ‘शुद्धलेखनाची ही गळचेपी आहे’ असं म्हणून पाहिलं, पण कुणी लक्ष दिलं नाही. बाहेर ओट्यावर जालिंदर कपातला चहा बशीत ओतत होता. “आवं सर, मजकूर कवा देताय? गुलाबी कागूद कापून ठिवलाय. लय दीस झालं.”

“उद्या,” आतून चार जणांनी एकदम सांगितलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच दुपारी वहिनींचे भाऊ, रहिमतपूरचे मामा, सहकुटुंब आले. मामांना पंचांगाचा भारी नाद. जेवण झाल्यावर वामकुक्षीऐवजी ते सहज कॉम्प्युटरपाशी बसले आणि कोठीत डोकावले. तिथं कुपवाडच्या एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका तयार पडली होती. मामांनी ती वाचली, खिशातलं पंचांग काढलं आणि त्या अनोळखी माणसांच्या भल्यासाठी गोरज मुहूर्त बदलून सकाळचा करून ठेवला.

जालिंदरच्या हातात पत्रिका जायच्या आधी अपूर्वानं शेवटची नजर टाकली म्हणून बरं. नाहीतर पाहुणे सकाळीच येऊन बसायचे आणि नवरदेव बोहल्यावर चढायचा संध्याकाळी. तिनं खुर्ची मामांकडे वळवली. मामा म्हणाले, “आभाराची गरज नाही. त्या दिवशी गोरज बराच नव्हता.”

त्या संध्याकाळी पुष्करनं ठरवलं की आता फार झालं. लग्नाला अजून माणसं येणार. आणि सोवन्यांकडची माणसं म्हणजे कुणीच हात मांडीवर ठेवून बसणारं नव्हे. त्यानं जेवणाला दांडी मारली आणि कोठीत दोन गट केले. एक ‘घर’, दुसरा ‘पाहुणे’. घरच्यांनी कोठीत यावं, वाचावं, लिहावं. पाहुण्यांनी नुसतं बघावं. व्यवस्था खरोखरच चोख होती. त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्यानं यंत्रावरचा पापडांचा डबासुद्धा त्या रात्री हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदर ओट्यावर येऊन बसला तो नेहमीपेक्षा लवकर. “आज न्हाई मिळालं तर पर्वाच्या लग्नाला कागूद कोराच वाटाया लागंल बगा,” त्यानं सांगितलं. आत्यानं पदर खोचला. तिला आठव्या कडव्यात निमिषच्या आजीचं नाव घालायचं राहिलं होतं, तेवढंच. तिनं फाइल उघडली, नाव घातलं आणि साठवायला गेली.

पडद्यावर चौकोन आला. परवानगी नाही.

“दादा!” आत्या कडाडली. “पुन्हा?”

“मी हातसुद्धा लावला नाही,” चिंतामणराव म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.

पुष्कर दात घासता घासता आला, पडद्याकडे बघितलं आणि ट्रेन किती नंबरला लागलीय ते सांगावं तशा आवाजात म्हणाला, “हां, आत्या, तू पाहुण्यांत आहेस.”

“मी कशात आहे?”

“पाहुण्यांत. म्हणजे यंत्रात गं. आडनावावरून केलेत गट, तेच सोपं पडतं. सोवनी ते सगळे घर. तुझं करंदीकर आहे ना.”

“ही फाइल कुणाची आहे?”

“तुझीच. मालक म्हणून तुझंच नाव आहे. पण पाहुण्यांना कोठीत नुसतं वाचता येतं. स्वतःचंही.”

आत्याला रडू आलं. तिनं ते घाईघाईनं रागात मिसळून टाकलं, कारण चिडलेल्या नणंदेला माहेरी मान असतो, रडणारीला नुसता चहा मिळतो. ती उठली आणि खुंटीवरची पिशवी काढून त्यात साड्या कोंबायला लागली.

“ही मी निघाले. दुपारच्या गाडीनं सातारा. परवा येईन करंदीकरांबरोबर, पाहुण्यांनी यायचं तशी. आहेर करीन, पंगतीला बसेन, विडा खाईन आणि जाईन. मंगलाष्टकं ज्यांचं घर आहे त्यांनी म्हणावीत!”

“वन्सं, असं काय करता!” वहिनी लाटणं हातात घेऊनच धावल्या.

ओट्यावरून आवाज आला, “मंग आजबी न्हाईच म्हनायचं व्हय?”

चिंतामणराव मुलावर उखडले. बहिणीची कविता सुधारणं वेगळं आणि बहिणीला पाहुणी म्हणणं वेगळं. “आडनावावरून? अरे शहाण्या, तुझी ती कोठी ज्या खोलीत आहे त्या खोलीत ही जन्मली!”

“मग जन्मावरून करतो गट,” पुष्कर म्हणाला. त्याला खरोखरच कुठलाही नियम चालणार होता, नियम असला म्हणजे झालं. “या घरात जन्मलेले ते घर. पण मग बाबा, आईला काढावं लागेल.”

“काढ की,” वहिनी लाटणं रोखून म्हणाल्या. “काढ. मग संध्याकाळच्या पोळ्या कुठला गट लाटतो ते बघते मी.”

पुष्करनं लाटण्याकडे बघितलं आणि जन्माचा नियम मागे घेतला. मग तो आत्याजवळ आला, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खुर्चीत बसवलं. मुलगा मनानं चांगलाच होता. “आत्या, ऐक. गटबिट सोड. मी तुला कोठीत एक स्वतंत्र खोलीच करून देतो. तुझ्या नावाची. त्यात फक्त तू लिहायचंस. बाबा नाही, आई नाही, मामा नाही, मीसुद्धा नाही. सगळ्यांनी बाहेरून वाचायचं. तुझ्या एका अक्षरालाही कुणाचा हात लागणार नाही. हे तर तुला पहिल्यापासून हवं होतं!”

हवं तर होतंच. आत्या गेले काही दिवस याच्यासाठीच तर भांडत होती. तिचा राग झरझर उतरला. स्वतःच्या नावाची खोली, आणि तीही सोवन्यांच्या कोठीत! तिनं डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला आणि ‘बरं, कर’ असं म्हणायला तोंड उघडलं.

“आणि मला?” अपूर्वानं विचारलं.

ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती, पुढ्यात कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. लग्न परवावर आलं तरी तिचे हात चालूच होते. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले.

“तुला काय?” पुष्करनं विचारलं.

“परवा माझं आडनाव बदलतंय. मी बापट होणार. परवापासून मी पाहुण्यांत?”

पुष्करला खोटं बोलता येत नसे. तो त्याचा जन्मजात दोष. “म्हणजे, नियमानं… हो. मी रविवारी बदलणारच होतो. पण त्यात काय एवढं? तू तिकडं शिरवळला. तुला कोठी कशाला लागेल?”

“कोठीत आहे ते निम्मं मी जुळवलेलं आहे.”

“ते राहीलच की. तू आलीस की वाच. आणि लिहायचंच असेल तर तुलाही करतो ना एक खोली, आत्यासारखी. शेजारी शेजारी दोन खोल्या. कुणी हात लावणार नाही.”

 मान खाली घालून अपूर्वानं मुंजीच्या पत्रिकेतला एक अनुस्वार उगाचच काढला आणि परत दिला. पण आत्यानं तिचा चेहरा बघितला होता. तो चेहरा आत्याच्या चांगल्या ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आल्यावर वहिनींनी तिला पाट मांडला होता, ताटाभोवती रांगोळी काढली होती, आणि तिच्या ताटातली भजी शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली होती. कुणी उचललीच नाहीत. सगळे ‘वाढू का, वाढू का’ म्हणत होते. त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं, आणि का गेलं नाही ते आज, इतक्या वर्षांनी, या पोरीकडे बघताना तिला नीट कळलं.

“नको,” आत्या म्हणाली.

“काय नको?”

“तुझी खोली नको मला. तिलाही नको.” आत्याचा आवाज या वेळी चढलेला नव्हता. “अरे, पाहुण्याच्या ताटाला कुणी हात लावत नाही. म्हणून का मी पाहुण्याचं ताट मागून घेऊ? मला घरात घाल. आणि माझ्या फाइलचं ते कुलूप काढ.”

“कुलूप काढलं तर बाबा परत आनंद लोटतील,” पुष्करनं बजावलं.

“लोटू दे.”

“आई रहिमतपूरची सगळी आणून बसवेल.”

“बसवू दे. मी दाबून बसवीन.”

“आणि अपूर्वा?”

“तिच्या नावाला हात लावलास तर याद राख. बापट होवो, आणखी कुणी होवो. घरात एकदा घेतलेलं माणूस घरातून काढायचं नाही, हा तुझा नियम. जन्मून आलेलं असो की लग्न होऊन. आणि तुझ्या यंत्राला एवढं कळत नसेल तर ते उचल तिथून. पापड काय, फडताळातही राहतात.”

पुष्करनं विचार केला. नियम बरा होता. त्याला यंत्राच्या भाषेत घालायला फारसं काही लागणारही नव्हतं. तो कळफलकाशी बसला, थोडी खुडबुड केली आणि खुर्चीतून उठून म्हणाला, “झालं.”

त्यानंतर बाहेरच्या खोलीत जे झालं ते सांगायची सोय नाही. चिंतामणरावांनी आनंद लोटला. आत्यानं त्यांच्या देखत तो दाटवला. त्यांनी पुन्हा लोटला आणि शेवटी ‘आनंद ओसंडला’वर तडजोड झाली, जी दोघांनाही आवडली नाही. वहिनींनी माहेरची चार नावं आणली, आत्यानं त्यांतली दोन आठव्या कडव्यात निमिषच्या आजीशेजारी कोंबली आणि उरलेल्या दोघांची ‘आप्तेष्ट’ या एका शब्दात बोळवण केली. मामा पाहुण्यांतच राहिले होते. ते मागून डोकावून ‘माझं नाव जरा वरच्या कडव्यात येईल का’ असं विचारत होते. प्रत्येक बदलाला आत्याच्या काळजात कळ येत होती. तिनं ती लपवलीही नाही. “मेल्यांनो, काही ठेवाल की नाही माझं!” असं ती ओरडत होती, आणि खुर्ची सरकवून एकेकाला जागा करून देत होती.

जालिंदर आत येऊन दाराशी उभा राहिला. “आवं ताई, झालं का? का माजंबी नाव घालताय त्यात?”

“झालं, झालं,” आत्या म्हणाली.

एक अपूर्वाच तेवढी पुढं आली नव्हती. नवऱ्या मुलीनं स्वतःच्या मंगलाष्टकांत लक्ष घालायचं नसतं असा एक समज आहे. पण सगळे पांगले तेव्हा ती आत्याच्या मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर सातवं कडवं होतं, पाठवणीचं. ‘जाते लेक घरातुनी, नयन हे अश्रूंत या नाहले.’ तिनं ते दोनदा वाचलं.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “मी एक शब्द बदलू?”

“विचारतेस काय?” आत्या मागं वळून न बघता खेकसली. “पाहुणी आहेस का तू?”

अपूर्वानं तिच्या खांद्यावरून हात पुढं घातला. ‘जाते’ पुसलं आणि त्या जागी ‘येते’ लिहिलं. घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात; पण तीस वर्षांत आत्यानं जेवढ्या लेकींची पाठवणी वृत्तात बसवली तेवढ्या सगळ्या ‘जाते’ म्हणतच गेल्या होत्या. चिंतामणरावांनी लांबूनच बोटांवर लघु-गुरू मोजले. मोजून झाल्यावर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.

आत्याला आता रडू आलं ते रागात मिसळायला तिच्याजवळ राग उरला नव्हता. ही ओळ आपल्याला सुचायला हवी होती असं तिला मनापासून वाटलं, आणि आपल्याला सुचली नाही याचं तितकंच बरं वाटलं. तिनं पदरानं नाक पुसलं.

“साठव,” ती अपूर्वाला म्हणाली. “तुझ्याच हातानं साठव.”